दरवाजांच्या शहरातील फोटोफेरी

मराठवाड्याच्या या सर्वांत मोठ्या शहरात येणारा पर्यटक बहुधा दोन दिवसांचा पाहुणा असतो. एक दिवस अजिंठ्याचा, दुसरा वेरूळ आणि दौलताबादचा. परतीच्या गाडीला वेळ असेल, तर तासभर बीबी का मकबऱ्याचा. मुक्काम ज्या शहरात असतो, ते शहर मात्र त्याच्या कॅमेऱ्यात क्वचितच येते. खुद्द शहरवासीयांची स्थितीही फारशी वेगळी नाही. सिडको-हडकोत किंवा गारखेड्यात राहणारी कुटुंबे लग्नाच्या खरेदीसाठी गुलमंडीवर आणि दागिन्यांसाठी सराफ्यात जातात, पण दुकानाच्या पाटीवरच्या मजल्याकडे नजर टाकण्याची उसंत कोणाला नसते. त्या मजल्यावर एखादा लाकडी सज्जा, चुन्यातली महिरप किंवा रंग उडालेली कमानदार खिडकी असते. एके दिवशी तिथे निळ्या काचेचा दर्शनी भाग उभा राहतो. आधी तिथे काय होते, हे वर्षभरात शेजाऱ्यालाही आठवत नाही.

या विसराळूपणावर एक साधा उपाय अलीकडच्या काळात अनेक जुन्या शहरांत रुजला आहे. तो म्हणजे मार्गदर्शकासोबत, कॅमेरा घेऊन, पायी केलेली फेरी. इंग्रजीत तिला ‘फोटोवॉक’ म्हणतात, मराठीत ‘फोटोफेरी’ हा शब्द सहज रुळण्यासारखा आहे. २००८ पासून जगभर एकाच दिवशी अशा फेऱ्या काढण्याची प्रथा सुरू झाली आणि डिजिटल कॅमेऱ्यापाठोपाठ मोबाइलने छायाचित्रण घरोघरी नेल्यावर या फेऱ्यांना गर्दी होऊ लागली. छत्रपती संभाजीनगरमध्येही इतिहासाचे अभ्यासक आणि वारसाप्रेमी मंडळी जुन्या भागात वारसाफेऱ्या काढत आली आहेत. त्यांत सहभागी होणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आज कॅमेरा असतो. प्रश्न एवढाच, की त्या कॅमेऱ्याने नेमके काय करायचे? देखणी चित्रे गोळा करून मित्रमंडळींना पाठवायची, की शहराची नोंद ठेवायची? या प्रश्नाच्या उत्तरावर फोटोफेरीचे मोल ठरते.

नावात दडलेली दिशा

जुन्या शहराचा नकाशा डोळ्यांसमोर असल्याशिवाय फेरी म्हणजे नुसती भटकंती ठरते. या शहराच्या बाबतीत नकाशा आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि कर्तृत्वाच्या बळावर निजामशाहीचा कारभारी झालेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानी वसवली. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. खडकाळ जमिनीवरच्या या नगराला पाणी मिळावे म्हणून त्याने जमिनीखालून नहरींचे जाळे बांधले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ते ओळखले जाते. १६२६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मुलगा फत्तेखान याने नगराचे नाव फत्तेनगर ठेवले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये ते अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले. नगराभोवतीचा तट १६८२ चा.

या तटाला आणि आतल्या वस्त्यांना असलेल्या वेशींमुळे ‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही ओळख निर्माण झाली. त्यांतले मोजकेच दरवाजे आता शिल्लक आहेत. मात्र त्यांची नावे छायाचित्रकाराला होकायंत्रासारखी उपयोगी पडतात. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा आणि पूर्वेला जालना दरवाजा. रस्ता जिथे जातो, त्या ठिकाणाचे नाव दरवाजाला देण्याची ही रीत. कोणता दरवाजा कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे हे कळले, की त्यावर ऊन कधी पडेल हेही कळते.

वस्त्यांची नावेही अशीच बोलकी आहेत. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे मोगली फौजेसोबत इथे आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्यांची आठवण करून देतात. मिर्झाराजे जयसिंगांचे नाव जयसिंगपुऱ्याला आहे, तर बिकानेरच्या राजा कर्णसिंहांचे कर्णपुऱ्याला. त्याच कर्णपुऱ्यात देवीची नवरात्रातली यात्रा भरते. फौजा गेल्या, छावण्यांची मोहल्ले-गल्ल्यांत रूपांतरे झाली, आणि शहराचा इतिहास रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यात शिल्लक राहिला. चांगला मार्गदर्शक फेरीच्या सुरुवातीलाच हे उलगडून सांगतो, कारण माहीत नसलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि न दिसलेली गोष्ट कॅमेऱ्यात येत नाही.

आधीच्या कॅमेऱ्यांची वाट

या परिसरात कॅमेरा फार लवकर पोहोचला. मद्रासच्या लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने तैलचित्रे तयार केली, ती लंडनला पाठवली, आणि त्यांतली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळला होता. लेण्यांची त्याने काढलेली जोडछायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कुंचल्याने केलेली नोंद एका आगीत गेली. कॅमेऱ्याने केलेल्या नोंदीच्या मात्र अनेक प्रती निघाल्या होत्या. नोंद टिकायची, तर तिच्या प्रती अनेक हवेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे सहाव्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानातील वास्तू टिपल्या. वेरूळची लेणी आणि बीबी का मकबरा त्यांच्या संग्रहात आहेत. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई आणि काचेच्या जड पट्ट्या. एक चित्र घेण्याआधी जागा, वेळ आणि ऊन यांचा दहा वेळा विचार करावा लागे. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही त्या छायाचित्रांतून दगडाचा सांधा आणि बागेतील झाडाची उंची मोजता येते.

परदेशांतही जुन्या वस्तीवर हातोडा पडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेण्याची प्रथा तितकीच जुनी आहे. पॅरिसमध्ये रुंद हमरस्ते काढण्यासाठी जुनी मोहल्लेवजा वस्ती पाडली जात होती, तेव्हा शार्ल मार्व्हिल यांनी नगर प्रशासनासाठी त्या अरुंद गल्ल्या टिपल्या. ग्लासगोत थॉमस अॅनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात पाडल्या जाणाऱ्या बोळांची छायाचित्रे काढली. ही कामे सरकारी गरजेपोटी झाली, पण आज त्या शहरांची हरवलेली ओळख तीच सांगतात. या शहराच्या जुन्या भागालाही रुंदीकरणाचा अनुभव आहे. २०११ च्या सुमारास झालेल्या मोठ्या मोहिमेत अनेक इमारतींचे दर्शनी भाग गेले. वाहतुकीची निकड खरी होती आणि नुकसानही खरे होते. पण पाडकामापूर्वी घरोघरच्या दर्शनी भागांची पद्धतशीर चित्रे सर्वांना पाहता येतील अशी एकत्र असती, तर काय गेले याचा हिशेब तरी मांडता आला असता.

तीन किलोमीटरची वाट

जुन्या शहराची फोटोफेरी आखताना एकाच दिवशी सगळे दरवाजे पाहण्याचा मोह टाळावा लागतो. दरवाजे एकमेकांपासून दूर आहेत आणि मधल्या रस्त्यांवर वाहनांची गर्दी असते. त्यापेक्षा एक सलग, चालण्याजोगी वाट निवडणे शहाणपणाचे. भडकल दरवाजापासून निघून जुना बाजार, सिटी चौक, सराफा, शहागंज, राजाबाजार, गुलमंडी आणि शेवटी पैठण दरवाजा, ही साधारण तीन किलोमीटरची वाट त्या दृष्टीने उत्तम आहे. सरळ चालल्यास पाऊण तासाचे अंतर, पण कॅमेऱ्यासह अडीच ते तीन तास सहज लागतात.

भडकल दरवाजाची उंची आणि आतली घुमटाकार छते पाहण्यासाठी कमानीखाली थांबून वर पाहावे लागते. नवखा छायाचित्रकार समोर उभा राहून पूर्ण दरवाजा चौकटीत बसवतो आणि पुढे निघतो. सराईत माणूस आधी दूर जातो, मग जवळ येतो आणि शेवटी आत शिरतो. दुरून वास्तूचा परिसराशी असलेला संबंध कळतो, मध्यम अंतरावरून रचना कळते आणि जवळून दगड, चुना व कारागिराचा हात दिसतो. एका वास्तूची तीन अंतरांवरून तीन चित्रे, हा फोटोफेरीचा पहिला पाठ.

जुना बाजार ओलांडून सिटी चौकात आल्यावर विषय बदलतो. इथे वास्तूपेक्षा व्यवहार महत्त्वाचा. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी फळ्या आणि शटर बंद असतात, तेव्हा वरचे मजले निवांत पाहता येतात. साडेदहा-अकरानंतर खालचा बाजार जागा होतो आणि वरचे मजले नजरेआड होतात. सराफ्याच्या रस्त्याने शहागंजला पोहोचले, की निजामकालीन घड्याळाचा मनोरा, अठराव्या शतकातील मशीद आणि भोवतालची फळे-कपड्यांची गजबज एकाच नजरेत येते. तिथून जवळच राजाबाजारात शहराचे ग्रामदैवत मानला जाणारा संस्थान गणपती आहे. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक इथूनच निघते. गुलमंडीवरच्या सुपारी हनुमानापाशी येईपर्यंत शहराचे मिश्र स्वरूप मुद्दाम सांगण्याची गरज उरत नाही. पायांखालच्या तीन किलोमीटरने ते सांगितलेले असते. पुढे गर्दीच्या बाजारपेठेत वेढलेला पैठण दरवाजा फेरीचा शेवट करतो.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी खाम नदीचा काठ आहे. मकाई दरवाजा व त्याला लागून असलेला कमानींचा जुना पूल, महमूद दरवाजा आणि त्याच्या शेजारची पाणचक्की हा टप्पा बाजारापेक्षा शांत आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर दळणाची चक्की फिरवली जात असे. यात्रेकरूंसाठी तिथे धान्य दळले जाई. पाण्याचा पडदा, हौद आणि विशाल वड यांची चित्रे सगळेच काढतात. मात्र पाणी आले कुठून आणि गेले कुठे, याचा माग कॅमेऱ्याने घेतला, तर एका वास्तूऐवजी एक संपूर्ण व्यवस्था टिपली जाते.

पांढरा मकबरा, काळा दगड

छायाचित्र म्हणजे उजेडाची नोंद. त्यामुळे या शहराचा उजेड कसा आहे, हे जाणून घ्यायला हवे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तेवढाच काळ कामाचा. उन्हाळ्यात दुपारी छायाचित्रण करणे जवळजवळ व्यर्थ. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि भिंतीवरचे कोरीवकाम सपाट दिसू लागते. कोरीवकामाची खोली दिसण्यासाठी ऊन तिरपे हवे.

दिशेचे गणितही इथे लक्षात घ्यावे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या वास्तूंवर हिवाळाभर चांगले ऊन असते. उत्तरेकडची बाजू मात्र हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. तिला तिरपे ऊन मिळते ते मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात, तेही सकाळी आणि संध्याकाळी. म्हणून दिल्ली दरवाजाचे बाहेरचे अंग आणि शहराकडचे अंग एकाच वेळी सारखे उजळलेले मिळणार नाही. एकाच वास्तूकडे दोन ऋतूंत जावे लागणे हा अडथळा वाटतो, पण जुन्या छायाचित्रात ऊन कोणत्या अंगावर आहे यावरून ते कोणत्या ऋतूत घेतले असावे, याचा अंदाज बांधण्याची कलाही त्यातूनच येते.

दुसरी अडचण रंगाची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजळ आहे असे गृहीत धरतो. बीबी का मकबऱ्यासमोर हे गृहीतक फसते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकाच्या मध्यावर उभारलेल्या या वास्तूत संगमरवर आहे तो खालच्या काही भागात आणि घुमटावर. बाकीच्या मोठ्या भागावर गुळगुळीत पांढरा गिलावा आहे. एवढे पांढरे समोर आल्यावर कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि मकबरा मळकट करडा दिसतो. उलट, दरवाजांच्या काळ्या बेसॉल्टसमोर तो प्रकाश जास्त घेतो आणि काळा दगड राखाडी, मागचे आकाश पांढरेफटक होते. उपाय सोपा आहे. पांढऱ्या वास्तूसाठी प्रकाश थोडा वाढवायचा आणि काळ्या दगडासाठी थोडा कमी करायचा. मोबाइलमध्येही पडद्यावर बोट ठेवून वर-खाली सरकवले की हे साधते. एका सकाळी मकबरा आणि दरवाजा पाहिला, की पुस्तकातले पानभर स्पष्टीकरण नवख्यालाही पटते.

तिसरी गोष्ट उभ्या रेषांची. उंच दरवाजा जवळून घेण्यासाठी कॅमेरा वर वळवला, की बुरूज मागे कलल्यासारखे दिसतात. शक्य तितके मागे जावे, कॅमेरा सरळ धरावा आणि नको असलेली जमीन नंतर कापावी. मागे जाताना मात्र पाठीमागून येणारी रिक्षा पाहण्यासाठी सोबत्याचा एक डोळा हवाच. फेरीत जोडीजोडीने चालायचा नियम त्यासाठीच असतो.

माणूस देखावा नव्हे

जुने शहर हे लोकांचे राहते घर आहे. फोटोफेरीचा सगळ्यांत नाजूक भाग इथे सुरू होतो. पंधरा जणांचा घोळका एखाद्या गल्लीत शिरतो आणि दारात भांडी घासणाऱ्या बाईकडे पंधरा भिंगे वळतात, तेव्हा छायाचित्रण आणि आगंतुकपणा यांतले अंतर संपते. कायद्याचे म्हणाल, तर वास्तूचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे याला भारताच्या स्वामित्व हक्क कायद्यात मुभा आहे. पण कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट शेजारधर्मात बसतेच असे नाही.

अनुभवी मार्गदर्शक म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळतात. गटात दहा-बारांहून अधिक माणसे घ्यायची नाहीत. गल्लीत शिरण्यापूर्वी तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाशी आधी बोलून ठेवायचे. माणसाचा चेहरा घ्यायचा असेल, तर कॅमेरा उचलण्याआधी विचारायचे. ‘चाचा, एक फोटो काढू का?’ एवढा प्रश्न मराठीत विचारला काय किंवा दख्खनी उर्दूत विचारला काय, बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी येते आणि सोबत चहाही येतो. नकार आला, तर तो हसून स्वीकारायचा आणि दूर जाऊन भिंग लांबवून तोच चेहरा टिपायचा नाही. मुलांची चित्रे घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. नमाजाच्या किंवा आरतीच्या वेळी प्रार्थनास्थळाच्या आत कॅमेरा बंद ठेवायचा.

विणकरांच्या बाबतीत या पथ्यांना आणखी एक अर्थ आहे. हिमरू ही या शहराची जुनी ओळख. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांतून हे नक्षीदार कापड तयार होते. एके काळी शहरात मोठ्या संख्येने असलेले हिमरूचे हातमाग आता थोडे उरले आहेत. अंधाऱ्या खोलीतला माग, खिडकीतून येणारा उजेडाचा पट्टा, धाग्यांवर फिरणारी बोटे, हे दृश्य छायाचित्रकाराला सहज मोहवते. परंतु ज्याच्या कामाचा अर्धा तास मोडला, त्याच्या पदरात काय पडले? फेरीच्या शुल्कातला काही वाटा अशा कारागिराला देणे, त्याच्याकडून एखादी वस्तू विकत घेणे किंवा किमान छापील छायाचित्र आठवड्याभरात त्याच्या हाती पोहोचवणे, हा व्यवहार आधीच ठरलेला असावा. छापील प्रत घेऊन परत गेलेल्या माणसासाठी त्या गल्लीचे दार पुढच्या वेळी आपोआप उघडते.

देखणेपणाचाही एक धोका आहे. पडकी भिंत, उडालेला रंग आणि सुरकुतलेला चेहरा यांच्या चित्रांना वाहवा मिळते, म्हणून फेरीतले लोक तेच शोधू लागतात. मग डागडुजी केलेले घर कंटाळवाणे वाटते आणि कोसळणारे घर रम्य. वास्तविक ज्या कुटुंबाने पदरमोड करून आजोबांचा सज्जा टिकवला, त्यांच्या घराचे चित्र शहरासाठी अधिक मोलाचे आहे. विजेच्या तारांचे जाळे, जाहिरातींचे फलक, दरवाजाला टेकवून लावलेल्या दुचाकी हे सगळे चौकटीबाहेर ठेवण्याची धडपडही थोडी आवरावी. पन्नास वर्षांनी अभ्यासकाला त्या फलकांवरूनच काळ ओळखता येईल.

छायाचित्राचे बारसे

फेरीनंतरचे काम फेरीइतकेच महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. प्रत्येक डिजिटल चित्रासोबत तारीख, वेळ आणि मोबाइलवर परवानगी दिली असल्यास ठिकाणही आपोआप नोंदले जाते. पण तेच चित्र संदेशवहनाच्या अॅपवरून पाठवले, की त्याचा आकार घटतो आणि ही माहिती बहुधा गळून पडते. दहा गटांत फिरलेले सुंदर चित्र मग ‘जुन्या शहरातील एक दरवाजा’ एवढेच उरते. कोणता दरवाजा, कोणती बाजू, कोणते वर्ष, हे कोणीच सांगू शकत नाही. असे चित्र भिंतीवर शोभते, पुरावा म्हणून ते चालत नाही.

यासाठी फेरीच्या शेवटी अर्धा तास एकत्र बसून निवडक चित्रांना नावे देण्याची पद्धत उपयुक्त ठरते. वास्तूचे नाव, गल्लीचे नाव, छायाचित्रकार कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, तारीख आणि एखादे वाक्य: वापर काय, अवस्था कशी. प्रत्येकाने केवळ दहा चित्रांची अशी नोंद केली, तरी बारा जणांच्या एका फेरीतून शहराच्या एकशेवीस खुणा कायमच्या टिपल्या जातात. मूळ आकारातील प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या आणि २०१२ पासून भारतातही भरलेल्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्पर्धेतून वारसास्थळांची चित्रे सर्वांना वापरता येतील अशा परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर ठेवली जातात. तिथे ठेवलेले चित्र मराठी विकिपीडियावरच्या लेखातही वापरता येते.

याचा पुढचा टप्पा म्हणजे जुन्या चित्राची जागा शोधून त्याच जागेवरून नवे चित्र घेणे. आल्प्समधील हिमनद्या किती मागे सरल्या हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली. शहराच्या बाबतीत ती तितकीच परिणामकारक आहे. घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीमागे दिसणारा दरवाजा, आजोबांच्या दुकानासमोरचे चित्र, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतला जुना चौक, असे साहित्य जुन्या शहरातील शेकडो घरांत पडून आहे. फोटोफेरीत सहभागी होणाऱ्यांनी असे एकेक चित्र सोबत आणले आणि मार्गदर्शकाने ती जागा दाखवली, तर फेरीचे स्वरूपच बदलते. अशा वेळी गल्लीतला माणूस देखाव्याचा भाग राहत नाही, तो साक्षीदार होतो. कारण ‘इथे आधी काय होते’ हे त्यालाच ठाऊक असते.

अशा फेऱ्यांतून काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. अहमदाबाद महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी जुन्या शहरात रोजची वारसाफेरी सुरू केली. पोळांमधून जाणाऱ्या त्या फेरीने परक्यांना शहर दाखवले आणि रहिवाशांना आपल्या घरांकडे नव्याने पाहायला लावले. २०१७ मध्ये अहमदाबादला भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. एका फेरीमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वीस वर्षे दररोज कोणीतरी त्या गल्ल्यांतून लक्षपूर्वक चालत होते, याचा वाटा त्यात नक्कीच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या काही दरवाजांची गेल्या काही वर्षांत डागडुजी झाली आहे, खाम नदीच्या काठाकडेही लक्ष गेले आहे. झालेले काम टिकते की नाही, कोणत्या कमानीला पुन्हा तडा गेला, कोणत्या भिंतीवर पिंपळ उगवला, हे दर पावसाळ्यानंतर नियमाने टिपणारे कॅमेरे असतील, तर डागडुजीची मागणी तारीखवार चित्रांसह करता येईल.

फेरीला निघण्यापूर्वी

काळ : ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा. सकाळी सूर्योदयाच्या सुमारास सुरुवात करून बाजार पूर्ण उघडण्याच्या आत मुख्य वास्तू संपवाव्यात. रमजानच्या रात्री आणि गणेशोत्सवात बाजार उजळलेला असतो, पण गर्दीमुळे गट लहान ठेवावा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह या काळात फेऱ्यांची चौकशी करावी.

साहित्य : मोबाइल पुरेसा आहे. कॅमेरा असल्यास एकच भिंग न्यावे. गल्लीत भिंगे बदलण्याला जागा आणि वेळ दोन्ही नसतात. वही आणि पेन विसरू नये. भक्कम चपला किंवा बूट आणि पाण्याची बाटली हवीच.

परवानग्या : मकबऱ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकात तिपाई वापरण्यासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. ड्रोन उडवण्यापूर्वी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तो भाग कोणत्या क्षेत्रात येतो हे तपासावे. चिकलठाण्याचा विमानतळ शहराला लागूनच आहे.

नोंद : घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी दहा चित्रे निवडावीत, प्रत्येकाखाली ठिकाण, दिशा आणि तारीख लिहावी आणि ज्यांची छायाचित्रे काढली त्यांच्या प्रती छापायला टाकाव्यात.